बिबट्या निघून गेल्यावर

शहाजीराव फडतऱ्यांच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असायचा, तो म्हणजे 'जपून'. सुवर्णाबाई पलंगावरून उठल्या की 'जपून', उंबरा ओलांडला की 'जपून', आणि खाली पडलेला चमचा उचलायला त्यांनी नुसती नजर खाली नेली तरी हा माणूस पलीकडच्या खोलीतून ओरडणार, "थांब, मी देतो, तू वाकू नकोस!" चमचा पडल्याचा आवाज त्यांना कसा ऐकू यायचा देव जाणे. एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही म्हणून कानात यंत्र घालून फिरायचे.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. उलट अख्ख्या खडकेवाडीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला द्यायच्या. पाटबंधारे खात्यातली कालवा निरीक्षकाची नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली ती बायकोसाठी. साठीला टेकल्यावर भाकरी थापायला शिकले. सुरुवातीला ती भाकरी सातारा जिल्ह्याच्या नकाशासारखी व्हायची, महाबळेश्वरकडे जाड आणि माणकडे करपलेली. पण आता चांगली टम्म फुगायची. धुणं, भांडी, झाडलोट, पाठीला तेल लावून शेक देणं, सगळं त्यांच्याकडे. सहा वर्षांत सुवर्णाबाईंनी पाण्याची कळशी उचलली नव्हती.

दुखणं सुरू झालं ते अपघातानं. दहिवडीच्या रस्त्यावर मोटरसायकलसमोर कुत्रं आडवं आलं, शहाजीरावांनी करकचून ब्रेक दाबला, ते स्वतः कसेबसे सावरले आणि मागं बसलेल्या सुवर्णाबाई रस्त्यावर आपटल्या. कमरेच्या मणक्याला चीर गेली. पाचेक महिन्यांत हाड जुळलं, फोटोत चीर दिसेनाशी झाली, डॉक्टर म्हणाले, "झालं बाई, बऱ्या झालात." पण कळ काही थांबली नाही. वाकलं की कळ, बसलं की कळ, पुढंपुढं तर वाकायचा विचार आला तरी कळ. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पट्टे झाले, म्हसवडच्या एका मालीशवाल्यानं तर पाठीवर उभं राहून बघितलं. सगळ्यांनी हात टेकले.

सुवर्णाबाई गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. पण वाडी त्यांना ओळखायची ती मळ्यातल्या विहिरीमुळं. दर उन्हाळ्यात त्या वाडीतल्या पोरींना त्या विहिरीत पोहायला शिकवायच्या. पोरीच्या पाठीला रिकामे कॅन बांधायचे, पोटाखाली हात धरायचा, आणि मग हळूच काढून घ्यायचा. पोर बुडायच्या भीतीनं किंचाळते, मग आपण तरंगतोय हे तिला कळतं, आणि मग तिला बाहेर काढायला तिच्या आईला बोलवावं लागतं. अपघातानंतर शाळा तेवढी कशीबशी चालू राहिली, पोहणं मात्र बंद पडलं. सहा वर्षांत वाडीतल्या पोरी कोरड्याच वाढल्या, आणि मागच्या उन्हाळ्यात रुपनवरांची धाकटी कालव्यात पडली. पंपावरच्या माणसानं केसाला धरून ओढली म्हणून वाचली.

ते ऐकलं तेव्हा सुवर्णाबाई भिंतीकडं तोंड करून रडल्या. पाठीसाठी नव्हे, संतापानं. पुण्याला लेकीला, केतकीला, फोन लावून म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात मला विहिरीत उतरायचंय. काय वाट्टेल ते कर, पण डॉक्टर शोध."

केतकीनं शोधलं ते कराडचं नवीन वेदना केंद्र.

तिथल्या डॉक्टर समीना बागवान वयानं केतकीएवढ्याच, पण बोलणं तडक. त्यांनी सुवर्णाबाईंच्या कमरेला एक पातळ पट्टा बांधला आणि डोक्यावर एक मऊ कापडी टोपी चढवली. कानापर्यंत येणारी, हनुवटीखाली बंद असलेली.

"अगं बाई, हे तर टोपरं!" सुवर्णाबाई म्हणाल्या.

"सगळे तेच म्हणतात," डॉक्टर हसल्या. "खरं नाव इतकं लांबलचक आहे की मीसुद्धा घेत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा विजेचे बारीक प्रवाह वाहतात, आणि प्रवाह म्हटला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. ते इतकं क्षीण असतं की पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र लागायचं आणि माणसाला त्यात पुतळ्यासारखं बसावं लागायचं. आता तेच काम कापडात शिवलेल्या, शेंगदाण्याएवढ्या संवेदकांवर होतं. वेदनेची मेंदूत अशी एक ठरावीक जागा नाही. दहा ठिकाणच्या पेशी एका तालात चालू लागल्या की माणसाला दुखतं. टोपरं तो ताल ओळखतं आणि पडद्यावर लाल रेघ काढतं. कमरेचा पट्टा निळी रेघ काढतो, ती पाठीवर खरोखर किती ताण आला त्याची.

"समोरची बादली उचला बरं. रिकामीच आहे. मी 'हं' म्हटल्यावर."

"जपून," मागून शहाजीराव म्हणाले. त्यांच्या एका हातात पाठीची उशी होती, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

डॉक्टरांनी 'हं' म्हणायच्या आत लाल रेघ उसळली. निळी जागची हललीसुद्धा नव्हती. मग सुवर्णाबाई वाकल्या, निळी जराशी चढली, चारचौघांच्या पाठीची चढते तेवढीच, आणि लाल पार पडद्याच्या वर गेली. डॉक्टरांनी एकदा शहाजीरावांकडं पाहिलं.

"दुखलं?"

"दुखलं की! जीव गेला."

"दिसलं मला."

"काय दिसलं?"

"कळ. ही बघा ना, ही."

सुवर्णाबाई त्या लाल रेघेकडं बघत राहिल्या. सहा वर्षं लोक काय काय म्हणाले होते. फोटो साफ आहेत, मनावर घेऊ नका. थोरली जाऊ तर चारचौघींत म्हणाली होती की हिला कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी ढोंग करत नाही?"

"ढोंग? अहो बाई, एवढ्या कळेत तुम्ही सहा वर्षं शाळा सांभाळलीत!"

आणि सुवर्णाबाईंना रडूच कोसळलं. टोपऱ्यासकट, बादलीसकट, त्या तिथंच उभ्या राहून हमसून हमसून रडल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सांगा, पाठीत काय बिघडलंय?"

"पाठीत काहीच नाही."

"अहो, आत्ताच खरं आहे म्हणालात!"

"खरंच आहे. तुमच्याकडं उसात बिबट्या येतो का?"

"आला होता एकदा," शहाजीराव म्हणाले. "मोहित्यांचा बोकड नेला."

"मग काय केलंत?"

"वेशीवर ते कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं. बिबट्या दिसला की सायरन वाजतो."

"आणि आता?"

शहाजीरावांनी कपाळावर हात मारला. "आता मांजर दिसलं तरी वाजतो! वाऱ्यानं पाचट हललं तरी वाजतो. पुन्हा कुणाचा बोकड जायला नको म्हणून पोरांनी त्याचा काटा एवढा वर केलाय की आता वाडीला झोप नाही."

"तेच झालंय बाईंचं," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं म्हणजे इजा नव्हे, दुखणं म्हणजे सायरन. हाड मोडलं तेव्हा तो वाजायलाच हवा होता. पण वाजून वाजून मज्जारज्जूतल्या आणि मेंदूतल्या पेशी त्या कामात इतक्या तरबेज झाल्या की आता त्यांना जरासं निमित्त पुरतं. सायरनचा आवाज खरा आहे, कान किटतात. फक्त उसात बिबट्या नाही. हाड जुळलं तेव्हाच तो निघून गेला."

"मग सायरन बंद करा की," शहाजीराव म्हणाले.

"तो माझ्या हातात नाही. पाठ सुखरूप आहे हा पुरावा मेंदूला रोज थोडाथोडा द्यावा लागतो. थोडं वाकायचं, थोडं उचलायचं. दुखेल, पण त्यानं काही मोडणार नाही. हळूहळू काटा खाली येतो."

टोपरं सुवर्णाबाईंनी घरी न्यायचं, घरातली कामं करताना घालायचं आणि पुढच्या खेपेला नोंदी घेऊन यायचं असं ठरलं. टोपरं आजूबाजूचे आवाजही टिपणार होतं, त्याला त्यांनी परवानगी दिली.

पुढच्या खेपेला शहाजीराव मोटार लावायला गेले होते. डॉक्टरांनी तेवढ्यात पडदा सुवर्णाबाईंकडं वळवला.

"ही लाल रेघ कुठं कुठं चढलीय ते बघा. इथं आवाज ऐका." पडद्यातून शहाजीरावांचा आवाज आला, 'जपून गं.' "इथं 'हळू'. इथं 'अगं राहू दे, मी करतो'. आणि इथं तर ते काही बोललेलेच नाहीत, नुसत्या त्यांच्या चपला वाजल्या. आता ही दुपार बघा. निळी केवढी चढलीय, आणि लाल आडवी पडलीय. काय करत होता तुम्ही?"

सुवर्णाबाईंनी आठवून पाहिलं. "काही नाही हो. हे साताऱ्याला गेले होते. शेळीचं करडू सुटून मेथीत शिरलं. धरून आणलं त्याला."

"धरून म्हणजे?"

"उचलून. दांडगं झालंय आता, चालतंय कुठं..." आणि त्या एकदम थांबल्या. दांडगं करडू काखेत मारून त्या अख्खा मळा चालून आल्या होत्या, आणि त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"धोका आहे की नाही हे मेंदू एकटा ठरवत नाही, बाई. तो साक्षीदार गोळा करतो. आणि तुमचा सगळ्यात जास्त विश्वास कुणावर आहे? शहाजीरावांवर. तो माणूस दिवसभर ओरडतोय, बिबट्या आला, बिबट्या आला! मेंदू बिचारा काय करणार? आता ते आले की मी त्यांना समजावून..."

"नका सांगू," सुवर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्हाला माझी शपथ आहे, त्यांना काही सांगू नका."

कारण काय सांगायचं होतं? तुमच्या मायेनं माझी पाठ दुखते म्हणून? अपघाताच्या वेळी मोटरसायकल तो चालवत होता. त्या दिवसापासून त्यानं मोटरसायकलला हात लावला नव्हता. नोकरी सोडली, मित्र सोडले, भजनी मंडळात पेटी वाजवायचा ती सोडली. ह्या माणसाजवळ दुसरं राहिलं होतं काय? पण उन्हाळाही तोंडावर आला होता, आणि वाडीतल्या पोरी कालव्याच्या कडेनंच शाळेत जात होत्या. सुवर्णाबाईंना दोन्हीतलं काही सोडवेना. परतीच्या वाटेवर शहाजीराव दर खड्ड्याला गाडी थांबवल्यासारखी हळू करत होते आणि आरशातून त्यांचा चेहरा बघत होते. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्यांनी मग बायकी तोड काढली. नवऱ्याला घराबाहेर काढायचं.

"अहो, हिंग संपलाय." शहाजीराव बाजारात गेले की ह्या टोपरं घालून विहिरीवर. "अहो, तो हिंग नाही बरा, दुसरा आणा." की पुन्हा विहिरीवर. फडतऱ्यांच्या घरात त्या महिन्यात एवढा हिंग साठला की डबा उघडला तर शेजारच्या घरात शिंका यायच्या. विहीर बांधीव होती, पायऱ्यांची. पहिल्या दिवशी सुवर्णाबाई वरच्याच पायरीवर बसून आल्या. मग एक पायरी खाली, मग आणखी एक. कळ यायची. त्या तिला म्हणायच्या, "ये बाई, ये. वाज. बघून घे, कुणी नाही उसात." आणि खरंच, कळ यायची आणि जायची, पूर्वीसारखी मुक्काम करायची नाही. एके दिवशी पाय पाण्याला लागले. गार, हिरवट पाणी. सुवर्णाबाईंनी पाय बुडवून लहान पोरीसारखं पाणी उडवलं आणि एकट्याच हसल्या.

नेमके त्याच दिवशी शहाजीराव पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले.

घरात बायको नाही, मागच्या दाराला कडी नाही. ते मळ्यात धावत आले, विहिरीत डोकावले आणि जे ओरडले ते कालव्यापलीकडं ऐकू गेलं. "अगं ए! अगं पडशील! अगं कंबर!"

सुवर्णाबाईंच्या पाठीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली. त्या पायरीवर तशाच कोलमडून बसल्या. त्यांना ना वर येता येईना, ना खाली जाता येईना. शहाजीरावांना पाण्याजवळच्या पायऱ्यांवर पाय टाकताना घाम फुटला होता, तरी ते भिंतीला धरून धरून खाली आले, आणि त्यांनी बायकोला अर्धवट उचलत, अर्धवट ओढत वर आणलं.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "बंद कर ते टोपरं! त्या डॉक्टरीणबाईला काय जातंय सांगायला? मी इथं सहा वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपतोय आणि ही बया चोरून विहिरीत उतरतेय! काही झालं असतं म्हणजे?"

सुवर्णाबाई पालथ्या पडल्या होत्या. कळेनं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"तुमच्यामुळं दुखतंय मला! कळतंय का? तुमच्यामुळं!"

शहाजीराव बोलता बोलता थांबले.  मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माहीत आहे मला. सहा वर्षं माहीत आहे."

आणि उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

अहो तसं नव्हे, असं सुवर्णाबाईंना ओरडावंसं वाटलं. अपघाताचं नाही म्हणत मी! पण कशाचं म्हणतेय ते सांगायचं तर आणखी मोठा घाव. त्या तशाच पालथ्या पडून राहिल्या.

त्यानंतर शहाजीराव बोलायचेच बंद झाले. भाकरी व्हायची, ताट समोर यायचं, गरम पाण्याची पिशवी वेळेवर यायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. 'जपून' नाही, 'हळू' नाही, 'जेव' नाही. अंथरूण ओसरीवर गेलं. चपला वाजू नयेत म्हणून घरात अनवाणी फिरू लागले. सुवर्णाबाईंच्या मनात आलं, चला, निदान आता तरी लाल रेघ खाली येईल. त्यांनी टोपरं चढवलं, त्याला जोडलेल्या फोनवर रेघ पाहिली, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. रेघ पूर्वीपेक्षा वर होती. घरात तो माणूस मुका होऊन फिरतोय ह्यासारखा धोका त्यांच्या मेंदूला दुसरा ठाऊकच नव्हता.

त्यांनी मनाशी ठरवलं, झाली एवढी लपवाछपवी बास.

"उद्या कराडला जायचंय," त्या ओसरीवर येऊन म्हणाल्या. "आणि तुम्ही गाडीत बसून राहायचं नाही. आत यायचं."

डॉक्टर बागवानांनी शहाजीरावांना सगळं दाखवलं. जपून, हळू, चपला, करडू, सगळं. ते खाली मान घालून ऐकत होते. करडाचं ऐकून त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, "बरं, मग आता तर मी बोलतच नाही."

"त्यानं रेघ आणखी चढलीय."

"अहो, मग माणसानं करायचं तरी काय?" शहाजीराव उसळून उठले. "बोललं तरी हिला दुखतंय, गप्प बसलं तरी दुखतंय! घर सोडून जाऊ का?"

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. कपाटातून त्यांनी दुसरं टोपरं काढलं आणि नको नको म्हणेपर्यंत शहाजीरावांच्या डोक्यावर चढवलंसुद्धा. मिशीवाला, भरदार गडी, आणि हनुवटीखाली बंद. सुवर्णाबाईंना इतक्या दिवसांनी फिस्सकन हसू आलं.

"बाई, बादली उचला. ह्या खेपेला अर्धी भरलेली आहे. मी 'हं' म्हटल्यावर."

पडद्यावर आता दोन लाल रेघा होत्या. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत वरची उसळली. क्षणभरानं खालची. डॉक्टर पुढं वाकून बघू लागल्या. त्यांनी पुन्हा बादली उचलायला लावली, आणि पुन्हा. दरवेळी तेच. आधी वरची, मग खालची.

"वरची कुणाची?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"ह्यांची."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यांचा सायरन आधी वाजतो आणि तो ऐकून तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. त्या स्वतःच चकित झाल्या होत्या. "आपल्या माणसाला दुखताना बघितलं की बघणाऱ्याच्या मेंदूतही त्यातल्या काही पेशी चालू होतात, हे आम्हाला माहीत होतं. पण इतकं... शहाजीराव, बाई वाकल्या की तुम्हाला काय होतं?"

शहाजीरावांनी बादलीकडं पाहिलं. मग टोपऱ्याचा बंद चाचपत म्हणाले, "आवाज येतो."

"कसला?"

"ही पडली त्याचा. रस्त्यावर आपटली तेव्हा जो आला होता तो. ही वाकली की येतो. उठली की येतो. इथं," त्यांनी छातीवर हात ठेवला, "इथं मुठीत आवळल्यासारखं होतं."

"सहा वर्षं?" सुवर्णाबाई म्हणाल्या. "अहो, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुझं दुखणं एवढं मोठं. त्यात माझं काय सांगायचं?" ते म्हणाले. "आणि पाडलं तर मीच ना."

सुवर्णाबाई बादली ठेवून त्यांच्याजवळ आल्या. "मला तुमचा राग एक दिवससुद्धा आला नाही. कुत्रं आडवं आलं, तुम्ही दुसरं काय करणार होता? विचारायचं होतंत मला."

"विचारायची भीती वाटत होती. 'होय, तुमच्यामुळंच' म्हणालीस तर काय, म्हणून."

"आणि मी मूर्खासारखी तेच म्हणाले! अहो, मी चपलांचं म्हणत होते हो! मी तुमच्या 'जपून'चं म्हणत होते!"

आणि मग ती दोघं म्हातारी, डोक्यावर टोपरी घालून, एकमेकांचे हात धरून रडली आणि हसली, आणि डॉक्टर बागवान तोवर खिडकीतून कराडची रहदारी बघत उभ्या राहिल्या. पडद्यावर दोन्ही रेघा खाली उतरत होत्या, पण तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"उपचार आता दोघांवर," डॉक्टर परत वळून म्हणाल्या. "शहाजीराव, बाई हालचाल करतात आणि काही वाईट होत नाही, हा पुरावा तुमच्याही मेंदूला हवा. आणि पहारेकरी म्हणून काठावर उभं राहायचं नाही. बाईंबरोबर काहीतरी करायचं, जिथं तुम्ही त्यांना सांभाळत नाही. काय कराल?"

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती वाडीतल्या पोरींच्या ओळखीची होती.

"ह्यांना पोहता येत नाही," त्या म्हणाल्या.

"सुवर्णा!"

"कालवा निरीक्षक होतात ना तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीस वर्षं काठाकाठानं चाललेत," सुवर्णाबाई म्हणाल्या. "गुडघाभर पाण्यात उतरले नाहीत. वाडीत कुणाला ठाऊक नाही."

"आता कराडला ठाऊक झालं!" शहाजीराव करवादले. पण नाही म्हणाले नाहीत.

वैशाखात पाणी चांगलं कोमट झाल्यावर एका सकाळी ती दोघं विहिरीवर गेली. टोपरी घरी ठेवली. बाई पुन्हा विहिरीत उतरणार ही बातमी कशी फुटली कोण जाणे, वाडीतल्या निम्म्या पोरी कठड्यावर बगळ्यांसारख्या रांगेनं बसल्या होत्या. रुपनवरांची धाकटीही होती, आईचा पदर घट्ट धरून.

सुवर्णाबाई पायऱ्या उतरल्या, पदर खोचला आणि पाण्यात शिरल्या. पाणी कमरेला लागलं तेव्हा पाठीत कळ आली. त्यांनी वाट पाहिली. कळ गेली. मग त्यांनी अंग झोकून दिलं आणि विहिरीला एक गोल फेरी मारली. सहा वर्षांनी हातापायांना सगळं आठवत होतं. वरून पोरींनी टाळ्या पिटल्या. पायरीवर शहाजीराव उभे होते, हाफ पॅन्ट, पाठीला दोन रिकामे कॅन, दोन्ही मुठी आवळलेल्या. ओठ मात्र घट्ट मिटलेले.

"या आता," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"खोल किती आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही वर राहायचंय."

शहाजीराव उतरले. सुवर्णाबाईंनी त्यांच्या पोटाखाली हात धरला, "पाय मारा, मान वर," आणि नेहमीच्या सवयीनं हळूच हात काढून घेतला. पोरी तरंगायच्या. शहाजीराव तरंगायचं सोडून त्यांच्या गळ्यातच पडले. दोन्ही हातांनी मान आवळली, कॅन एकीकडं, डोकं दुसरीकडं, दोघंही एक गटांगळी खाऊन वर आली. सुवर्णाबाईंनी एका हातानं त्यांच्या बगलेत धरलं, पाय मारत मारत त्यांना पायरीपर्यंत ओढलं आणि ढकलून वर बसवलं. ऐंशी किलोचा तो ऐवज!

पाठ दुखली. न दुखून सांगते कुणाला? पण ती ओझं उचलल्यावर कुणाचीही दुखते तशी, प्रामाणिक दुखली. सुवर्णाबाई पायरीला धरून दम खात होत्या आणि शहाजीरावांकडं बघत होत्या. आता हा माणूस विचारणार. आता म्हणणार, बास, चल घरी, तेल लावतो.

शहाजीराव खोकत होते, नाकातोंडातून पाणी गळत होतं, मिशी हनुवटीला चिकटली होती. जरा श्वास लागल्यावर त्यांनी बायकोकडं एकवार नीट पाहिलं. मग म्हणाले, "तू हात का काढलास?"

"असंच शिकवतात."

"सांगायचं तरी."

"सांगितलं की कुणी शिकत नाही."

वरून रुपनवरांची धाकटी ओरडली, "बाई, माझा नंबर कधी?"

"थांब गं!" शहाजीराव तिथूनच खेकसले आणि त्यांनी धापा टाकत पुन्हा पाण्यात पाय सोडले. "माझं अजून झालेलं नाही."

सुवर्णाबाईंनी त्यांच्या पोटाखाली हात धरला.